मॅटलॅब ‘उडालं’ म्हणजे नेमकं काय उडालं?

"सर, मॅटलॅब परत उडालं. काढून नवीन टाकून द्या ना एकदा."

मी एका इंजिनीअरिंग कॉलेजात संगणक प्रयोगशाळा सांभाळतो. हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. मॅटलॅब म्हणजे आकडेमोड करायचं आणि आलेख काढायचं सॉफ्टवेअर. त्याच्या जागी कधी मॅथेमॅटिका असतं, कधी आर, कधी पायथन. या वेळी स्थापत्य विभागाच्या मॅडम होत्या. पीएचडीचा प्रबंध तोंडावर आलेला, पुलाच्या कंपनांचे आलेख काढायचे बाकी, आणि दर दहा मिनिटांनी सॉफ्टवेअर गायब.

मी विचारलं, "उडालं म्हणजे काय झालं, मॅडम? स्क्रीनवर काय आलं?"

"काहीच नाही आलं. होतं आणि नव्हतं."

नव्याने इन्स्टॉल करणं हा आपल्याकडचा हुकमी उपाय आहे, अंग गरम लागलं की क्रोसिन तसा. गणिताच्या सॉफ्टवेअरला तो क्वचितच लागू पडतो. का, ते पुढे येईलच. आधी ‘होतं आणि नव्हतं’ हे उत्तर बघू, कारण अर्धं निदान त्यातच आहे.

उडणं, अडकणं आणि नुसतं ओरडणं

लाल अक्षरांत काहीतरी लिहून आलं आणि खाली पुन्हा कर्सर लुकलुकायला लागला, तर ते उडणं नव्हे. सॉफ्टवेअर जिवंत आहे आणि आपली चूक आपल्याला सांगतंय. ‘आउट ऑफ मेमरी’सुद्धा लाल अक्षरांत आलं तर ती तक्रार आहे, मृत्यू नाही. संदेश वाचायचा, ओळ क्रमांक बघायचा, संपलं.

खिडकी पांढुरकी झाली, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ आलं, तर ते अडकलंय. इथे लोक घाई करतात आणि चालू असलेलं गणित स्वतःच्या हाताने मारतात. टास्क मॅनेजर उघडून बघा. प्रोसेसर राबत असेल तर बिचारं काम करतंय. एका विद्यार्थ्याने १२ बाय १२ च्या मॅट्रिक्सचा, म्हणजे १२ ओळी आणि १२ स्तंभांच्या तक्त्याचा, डिटर्मिनंट काढायला लावला होता, आणि आत आकडे नाहीत, सगळी अक्षरं. अशा डिटर्मिनंटचा पूर्ण विस्तार केला तर १२ फॅक्टोरियल, म्हणजे ४७,९०,०१,६०० पदं होतात. १० बाय १० ला ३६,२८,८०० होतात. दोनच ओळी आणि दोनच स्तंभ वाढवले की पदं १३२ पट. आकडे घालून हाच डिटर्मिनंट डोळ्याची पापणी लवायच्या आत येतो. तेव्हा अडकलं तर आधी आपण काय मागितलंय ते बघा.

अख्खा संगणकच बंद पडला किंवा निळा पडदा आला, तर प्रकरण सॉफ्टवेअरच्या पलीकडे गेलं. त्याच्याकडे शेवटी येतो.

आणि चौथा प्रकार मॅडमचा: होतं आणि नव्हतं. बाकीचा संगणक ठणठणीत, फक्त एक प्रोग्रॅम नाहीसा. खरा क्रॅश तो हाच. इथे प्रोग्रॅम स्वतः बाहेर पडलेला नसतो. ऑपरेटिंग सिस्टीमने त्याला बाहेर काढलेलं असतं.

बाहेर का काढलं?

ऑपरेटिंग सिस्टीम ही तलाठ्यासारखी आहे असं समजा. मेमरीतला कुठला तुकडा कुणाच्या नावावर, त्यात फक्त वाचायची परवानगी की लिहायचीही, हे सगळं तिच्या सातबाऱ्यावर असतं. आपल्या नेहमीच्या संगणकांत हे तुकडे साधारणपणे ४ केबीचे असतात. त्यांना पेज म्हणतात, आपण गुंठा म्हणू. एखाद्या प्रोग्रॅमने आपल्या नावावर नसलेल्या गुंठ्यात नांगर घातला की प्रोसेसरच्या ते तत्क्षणी लक्षात येतं. मग नोटीस नाही, तारीख नाही, अपील नाही. प्रोग्रॅम जागच्या जागी बंद. विंडोज याला ‘ॲक्सेस व्हायोलेशन’ म्हणतं, लिनक्स ‘सेगमेंटेशन फॉल्ट’.

आता, मॅटलॅबमध्ये १० घटकांच्या यादीतला अकरावा घटक मागून बघा. लाल अक्षरांत साधी तक्रार येते. कारण मॅटलॅब, आर, पायथन या भाषा प्रत्येक वेळी बांध तपासून मगच पाऊल टाकतात. पण जड आकडेमोड त्या स्वतः करत नाहीत. ती खाली सी, सी++ किंवा फोरट्रानमध्ये लिहिलेल्या कोडकडे जाते: मॅट्रिक्सच्या गुणाकारासाठी ब्लास, समीकरणांसाठी लापॅक, शिवाय कुणीकुणी लिहिलेली पॅकेजेस आणि मेक्स फाइली, म्हणजे मॅटलॅबला बाहेरून जोडलेलं असंच कोड. ही मंडळी वेगासाठी बांध तपासत बसत नाहीत. तिथे अकराव्या जागी लिहा म्हटलं की लिहितात.

आणि खरी गंमत पुढे आहे. अकरावी जागा दर वेळी दुसऱ्याच्या शेतात पडतेच असं नाही. बऱ्याचदा ती आपल्याच गुंठ्यात पडते, फक्त तिथे दुसरं पीक उभं असतं. मग त्या क्षणी काहीच होत नाही. तलाठ्याची हरकत नाही, कारण जमीन तुमचीच आहे. पीक मात्र नासलं. दहा मिनिटांनी भलताच कुणी तिथे येतो, नासलेला पत्ता वाचतो, त्या पत्त्यावर जायला निघतो आणि मरतो. म्हणून मरताना ज्याचं नाव दिसतं तो गुन्हेगार असेलच असं नाही. क्रॅशच्या नोंदीत वारंवार ‘एनटीडीएलएल’ हे विंडोजच्या स्वतःच्या फाइलीचं नाव दिसतं, आणि लोक विंडोज दुरुस्त करायला धावतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. ही फाइल मेमरीची देवाणघेवाण सांभाळते, त्यामुळे नासलेली नोंद बहुतेकदा तिच्याच हाती लागते.

कोण कुणाच्या घरात राहतं, हाही प्रश्न आहे. मेक्स फाइल मॅटलॅबच्या घरातच नांदते, म्हणून ती चुकली की घरच जातं. आरमधल्या सी++ पॅकेजचं तेच. आर ज्या खिडकीतून चालवतात त्या आरस्टुडिओत मग बॉम्बचं चित्र येतं आणि ‘आर सेशन अबॉर्टेड’. मॅथेमॅटिकाची मात्र दोन घरं आहेत. समोर दिसते ती नोटबुक वेगळी आणि आकडेमोड करणारं कर्नल वेगळं. कर्नल गेलं तरी नोटबुकातला मजकूर उभा राहतो, फक्त आधी काढून ठेवलेली चलांची मूल्यं जातात. तेव्हा मॅथेमॅटिका उडालं म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो: कागद गेला की गणित करणारा गेला?

पंचनामा

मॅडमच्या टेबलाशी बसलो. आधी मॅटलॅबला हातही लावला नाही. स्टार्टच्या खोक्यात ‘रिलायबिलिटी’ लिहिलं, की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ असं एक पान येतं. विंडोजमधली ही सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित जागा असेल. ॲडमिनचा पासवर्डही सहसा लागत नाही. दिवसागणिक एक उभा रकाना, जे काही उडालं त्या दिवशी लाल फुली, आणि त्याच पट्टीत कुठल्या दिवशी काय नवीन बसलं त्याच्याही नोंदी. मॅडमच्या संगणकावर लाल फुल्यांची रांग एका बुधवारपासून सुरू होत होती. आणि मंगळवारच्या रकान्यात ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, बसल्याची नोंद होती, आपोआप आलेल्या अपडेटमधून.

यावरूनच निकाल देता येत नाही. मंगळवारी आणखीही काही झालं असेल. म्हणून दुसरा पुरावा. मॅटलॅब मरताना शक्य झालं तर एक चिठ्ठी लिहून जातं. विंडोज की आणि ‘आर’ एकदम दाबायचं, येणाऱ्या खोक्यात ‘टेम्प’चं इंग्रजी स्पेलिंग दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून लिहायचं. जो फोल्डर उघडतो त्यात ‘मॅटलॅब क्रॅश डंप’ या शब्दांनी सुरू होणारी फाइल शोधायची. नोटपॅडमध्ये उघडते. बघून घाबरायला होतं, कारण पानभर सोळा अंकी पत्ते असतात. ते सोडून द्या. ‘स्टॅक ट्रेस’ या मथळ्याखालच्या पहिल्या पाच-सात ओळी वाचायच्या, आणि त्यातही फक्त फाइलींची नावं. मरणाच्या क्षणी कोण कुणाला बोलावत होतं त्याची ती यादी असते, सगळ्यात शेवटी बोलावलेला सगळ्यात वर. मॅडमच्या यादीत वरच्या चारही ओळी ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फाइलीच्या होत्या. मॅटलॅबचं नाव पाचव्या ओळीपासून. त्यामुळे मॅटलॅब काढून पुन्हा टाकणं म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

"मॅडम, तुम्ही आलेख माउसने फिरवून बघता का?"

"हो, तिरका केल्याशिवाय शिखरं दिसतच नाहीत."

त्रिमितीय पृष्ठ फिरवलं की प्रत्येक कोनासाठी ग्राफिक्स कार्डाला काम लागतं. ते काम प्रोसेसरकडून करून घेता येतं. बऱ्याच आवृत्त्यांत मॅटलॅब सुरू करताना पुढे ‘सॉफ्टवेअर ओपनजीएल’ हा पर्याय जोडता येतो. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये तो इंग्रजीत, उणे चिन्हानंतर, जोडून आणि लहान अक्षरांत लिहायचा. आलेख जरा रखडत फिरतो, पण ड्रायव्हरचा संबंध सुटतो. मॅडमनी वीस मिनिटं पूल गरागरा फिरवला. काही झालं नाही. हा तिसरा पुरावा, आणि तोच निर्णायक: संशयिताला बाहेर बसवलं आणि चोऱ्या थांबल्या.

ज्यांच्या सॉफ्टवेअरने चिठ्ठी ठेवली नाही त्यांनी इव्हेंट व्ह्यूअर उघडावं. विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन, आणि क्रमांक १००० ची लाल नोंद. तिथे ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ म्हणजे कुठल्या फाइलीत मेलं आणि ‘एक्सेप्शन कोड’ म्हणजे कशाने मेलं. कोड पाठ करायची गरज नाही, पण चार ओळखीचे झाले की बरं. सी, मग सहा शून्यं आणि ५: परक्या शेतात नांगर. शेवटी ३७४: स्वतःचंच पीक नासलं, वर सांगितलं तसं. शेवटी ‘एफडी’: स्टॅक संपला, म्हणजे एखादं फंक्शन स्वतःलाच बोलावत सुटलं. मॅटलॅब मुळात ५०० पातळ्यांनंतर आणि पायथन १००० नंतर लाल अक्षरांत थांबवतं. लोक ती मर्यादा हौसेने लाखावर नेतात आणि मग तक्रारीऐवजी खरा क्रॅश पदरात घेतात. शेवटी ‘१डी’: प्रोसेसरला न कळणारी आज्ञा. नव्या प्रोसेसरसाठी बांधलेलं पॅकेज जुन्या यंत्रावर टाकलं की हे होतं. प्रयोगशाळेच्या मागच्या रांगेतल्या संगणकांवर आम्हाला ते नवीन नाही.

लिनक्सवर प्रोग्रॅम मेला की मागे एक आकडा, एक्झिट कोड, उरतो: १२८ अधिक ज्या सिग्नलने मेला त्याचा क्रमांक. त्यातले दोन पुरतात. १३९ म्हणजे १२८ अधिक ११, सेगमेंटेशन फॉल्ट. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, बाहेरून कुणीतरी मारलं. तो कुणीतरी बहुधा मेमरी संपल्यावर सर्वांत खादाड प्रोग्रॅम निवडून मारणारा खुद्द लिनक्सचाच पहारेकरी असतो.

भुकेचा हिशेब

त्या १३७ वरून आठवलं. मेमरीचा अंदाज तोंडी काढता येतो आणि फारसं कुणी काढत नाही. नेहमीचा दशांश आकडा ८ बाइट खातो. २०,००० बाय २०,००० ची मॅट्रिक्स म्हणजे ४० कोटी आकडे, म्हणजे ३२० कोटी बाइट, ३.२ जीबी. तिचा इन्व्हर्स काढला की आणखी ३.२ जीबी, शिवाय मधल्या हिशेबाची जागा वेगळी. संगणकात ८ जीबी, त्यातले दोन-तीन विंडोज आणि ब्राउझरने आधीच घेतलेले. विंडोज मग डिस्कवरची जागा मेमरी म्हणून वापरायला लागतं आणि सगळं गोगलगाय होतं. माणसाला वाटतं हँग झालं.

पण पुलासारख्या रचनेच्या मॅट्रिक्समध्ये बहुतेक जागी शून्य असतं, कारण प्रत्येक सांधा फक्त शेजाऱ्यांशी जोडलेला असतो. कर्णावर आणि त्याच्या दोन बाजूंनाच आकडे असतील, तर २०,००० च्या मॅट्रिक्समध्ये शून्येतर आकडे ५९,९९८. शून्यं न साठवणाऱ्या ‘स्पार्स’ पद्धतीने ठेवली तर ती १ एमबीच्या आसपास मावते. ३.२ जीबी कुठे आणि १ एमबी कुठे! नवीन रॅमची मागणी लिहिण्याआधी हे करून बघावं. आमच्याकडे तशी मागणी मंजूर व्हायला प्रबंधापेक्षा जास्त वेळ लागतो.

पुन्हा टाकलं तरी का उडतं?

सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी तुमच्या आवडीनिवडींचा फोल्डर तसाच राहतो. खिडक्या कुठे, फॉन्ट कोणता, सुरू होताना कुठली फाइल चालवायची, हे सगळं त्यात. तो बिघडला असेल तर शंभरदा इन्स्टॉल करा, नव्या घरात जुनंच भूत राहायला येतं. मॅटलॅबमध्ये ‘प्रेफडिर’ ही आज्ञा त्याचा पत्ता सांगते. मॅटलॅब बंद करून त्या फोल्डरचं नाव बदलायचं, पुसायचं नाही. पुढच्या वेळी नवा आपोआप तयार होतो. मॅथेमॅटिका सुरू करताना कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरलं की ते कोऱ्या पाटीने उघडतं. आरमध्ये मागच्या सत्राचा पसारा आरडेटा नावाच्या फाइलीतून आपोआप परत येतो. सुरू होतानाच उडत असेल तर आधी ती बाजूला करा.

मराठी माणसाला खास सतावणारी एक गोष्ट इथेच सांगतो. विंडोजवर खातं उघडताना आपण हौसेने नाव देवनागरीत लिहितो. मग घरच्या फोल्डरचं नावही देवनागरीत होतं आणि सगळ्या फाइलींच्या पत्त्यात ती अक्षरं येतात. विंडोजवरचं जुनं आर अशा पत्त्यांशी धड बोलू शकत नसे. पॅकेज बसायला नकार द्यायचं किंवा मध्येच अवसान गाळायचं. २०२२ मध्ये आलेल्या ४.२.० आवृत्तीपासून नव्या विंडोजवर ते युनिकोड नीट वापरतं. पण सी++ मधलं प्रत्येक छोटं साधन अजून तितकं शहाणं झालेलं नाही. भाषेचं प्रेम फाइलीच्या आत दाखवावं, पत्त्यात नको.

ऑफिसच्या संगणकावर अँटिव्हायरसही असतो आणि नुकत्याच कंपाइल केलेल्या फाइलीकडे तो चोराच्या नजरेने बघतो. तो स्वतः बंद करायच्या भानगडीत पडू नका.

आणि लोखंडच सडकं असलं तर?

कधीकधी खरोखरच यंत्र चुकतं. गणिताचं सॉफ्टवेअर प्रोसेसरला जितकं पिळतं तितकं टायपिंग किंवा व्हिडिओ पिळत नाहीत, म्हणून दोष पहिल्यांदा इथे उघडे पडतात. १९९४ मध्ये अमेरिकेत लिंचबर्ग कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. उत्तर जुळेना. स्वतःचा प्रोग्रॅम, कंपायलर, सगळं तपासून झाल्यावर त्यांचा संशय इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरवर गेला आणि खरा निघाला. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं की १.३३३८२… यायला हवं, तो १.३३३७३… देत होता. इंटेलला तो प्रकार निस्तरायला ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. मॅटलॅबचे जनक क्लीव्ह मोलर यांनी त्या चुकीला वळसा घालणारा उपाय शोधायला हातभार लावला होता. लक्षात घ्या, तिथे काहीच उडालं नव्हतं. चुकीचं उत्तर शांतपणे येत होतं. २०१६ च्या सुरुवातीला मात्र मोठ्या मूळसंख्या शोधणाऱ्या प्राइम९५ या प्रोग्रॅमने इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरवर संगणक जागच्या जागी गोठत असल्याचं उघड केलं, आणि बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू होताना पहिल्यांदा चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, अपडेटने ते दुरुस्त झालं.

तुमच्या टेबलावर इतकं नाट्य घडण्याची शक्यता कमी. पण दर वेळी वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या कोडने, वेगळ्या फाइलीत उडत असेल, तर लोखंडावर संशय घ्या. सॉफ्टवेअरची चूक सहसा ठरलेल्या जागी घडते. सडकी रॅम कुठेही दगा देते. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक रात्री लावून जा. आणि मे महिन्यात बंद खोलीतला संगणक मोठं गणित सुरू केल्यावर दहा मिनिटांनी थेट बंद पडत असेल, तर आधी झाकण उघडून पंख्यावरची धूळ बघा.

मॅडमचं पुढे असं झालं. जुना ड्रायव्हर परत बसवायला ॲडमिनचे अधिकार लागतात आणि ते माझ्याकडे नाहीत, मुख्य आयटी विभागाकडे आहेत. मॅडमनी आधीच तीन मेल टाकले होते, तिन्हींचा मजकूर एकच: "मॅटलॅब चालत नाही, कृपया तातडीने पाहावे." उत्तर आलं नव्हतं. चौथा आम्ही दोघांनी बसून लिहिला:

"त्रिमितीय आलेख माउसने फिरवल्यावर मॅटलॅब बंद पडतं, पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा पडलं. सुरुवात बुधवारपासून, मंगळवारी ग्राफिक्स ड्रायव्हर बदलल्याची नोंद आहे. सॉफ्टवेअर ओपनजीएलने चालवल्यास पडत नाही. क्रॅश डंप सोबत जोडला आहे. डिव्हाइस मॅनेजरमधून आधीचा ड्रायव्हर परत बसवून मिळावा. मॅटलॅब पुन्हा इन्स्टॉल करू नये."

शेवटची ओळ मॅडमनी स्वतःहून घातली.